उजव्या हाताची वही : कार्पल टनेल, सुया आणि द्राक्षाचा एक हंगाम

तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, माल सगळा बेदाण्याला जातो. दारात दोन म्हशी. माझं वय ४६. ही वही भाचीच्या सांगण्यावरून ठेवली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात असते. "मावशी, फोनवर 'लई दुखतंय' सांगून काही कळत नाही, तारीख घालून लिही," म्हणाली. तारखा घातल्या, पैसे घातले, गाढवपणाही घातला. जिला माझ्यासारखं मनगटात नस चेपून (यालाच कार्पल टनेल म्हणतात) रात्री हात झटकत उठावं लागतं तिला उपयोग होईल म्हणून जशीच्या तशी उतरवते आहे.

२६ ऑक्टोबर २०२४

रात्री अडीचला जाग आली. उजवा हात जड, बोटं सुजून फुगल्यासारखी वाटत होती, पण दिवा लावून बघितलं तर सूज काहीच नाही. उठून हात खाली सोडून झटकला, पाचेक मिनिटांत आला. पहाटे पुन्हा तेच. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बोट बधिर. अनामिका अर्धी : मधल्या बोटाकडची कड बधिर, करंगळीकडची जागी. करंगळीला काहीच नाही.

सुरुवात फेलफूट काढताना झाली. छाटणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उरकली, पेस्ट लावली, डोळे फुटले आणि मग आम्ही चौघी जादा फुटी काढायला लागलो. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कोवळी फूट धरायची, मोडायची, पुढची धरायची. चार दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिसऱ्या दिवसापासून रात्रीचं सुरू झालं. आज चहाचा कप हातातून सुटला. कप फुटल्याचं काही नाही, पण सुटला कधी हे मला कळलंच नाही.

३० ऑक्टोबर

चकल्या. सोऱ्या पिळायला तळहाताच्या बुडाचा जोर लागतो, दोन घाणे झाले आणि हात कोपरापर्यंत ठणकायला लागला. उरलेल्या जाऊबाईंनी केल्या आणि वर्षभर ऐकवायची सोय करून ठेवली.

शेजारच्या गावात हाडवैद्य आहे, संध्याकाळी हे मला तिथे घेऊन गेले. त्यानं "शीर चढलीय" म्हणून मनगट धरून असं काही ओढलं की डोळ्यांतून पाणी आलं. १५० रुपये. रात्री मनगट खरंच सुजलं. दिवाळीचे तीन दिवस त्या सुजेत गेले. नस आधीच दाबलेली असताना तिच्यावरून हात पिळून घेणं यासारखी चूक नाही.

५ नोव्हेंबर

गावातल्या डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढायला लावला, ३५० रुपये. त्यात काही दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. नस एक्स-रेत येत नाही. मग त्यांनी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटं दुमडून मिनिटभर धरायला सांगितली. अर्ध्या मिनिटातच अंगठ्याला मुंग्या आल्या. "कार्पल टनेल असणार," म्हणाले. साखर आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण दोन्हींत बिघाड असला तर हा त्रास वाढतो आणि नुसत्या हाताचे उपचार करत बसून भागत नाही. ५५० रुपये, दोन्ही ठीक निघाले.

एक्स-रेचे पैसे आधी एनसीव्हीत (नसेचा वेग मोजायची तपासणी) घातले असते तर दोन-तीन दिवस वाचले असते.

८ नोव्हेंबर

मिरज. एनसीव्ही केली, १,८०० रुपये. मनगटावर छोटे विजेचे टोले देतात आणि नसेतून संदेश किती वेळात पोचतो ते मोजतात. दुखत नाही, दचकायला होतं. खोलीत एसी होता आणि माझे हात गार पडले होते. तपासणाऱ्या मुलीनं आधी गरम पाण्याच्या पिशवीवर हात ठेवायला लावले. गार हातात नस हळू चालते आणि आकडा उगाच वाईट येतो म्हणे. हे लक्षात ठेवा, सगळीकडे कुणी सांगेलच असं नाही.

माझा आकडा ४.९ मिलिसेकंद. त्यांच्या कागदावर ४.४ पर्यंत बरं लिहिलं होतं. "मध्यम" असा शेरा.

हाडाच्या डॉक्टरांनी (फी ५००) पहिला प्रश्न करंगळीचा विचारला. करंगळी जागी आहे म्हटल्यावर मान डोलावली. मनगटात हाडांचा आणि वरून एका जाड पट्टीचा बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. दोऱ्या सुजल्या की चेपते ती नस. करंगळीची नस या बोगद्यातून जात नाही. माझ्या अंगठ्याखालची गादी दाबून बघितली, डाव्या हाताशी ताडून बघितली, अजून भरलेली आहे म्हणाले. रात्री स्प्लिंट (मनगट जखडून ठेवणारा पट्टा), नाही जमलं तर इंजेक्शन, त्यानंतर ऑपरेशन.

मी भीत भीत ॲक्युपंक्चरचं विचारलं. मला वाटलं ओरडतील. "करा की. फक्त ही गादी बसायला लागली किंवा बधिरपणा दिवसाही जाईना, तर सुया आणि तेलं टोचत-चोळत बसू नका, सरळ इथे या." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलं.

१२ नोव्हेंबर, सुई पहिली

सांगलीला विश्रामबागेत एक बाई ॲक्युपंक्चर करतात. राज्यात याचा २०१५ चा कायदा आहे, नोंदणी लागते; त्यांच्या भिंतीवर नोंदणीचा कागद होता. शेजारी डॉ. कोटणिसांचा फोटो. सोलापूरचे कोटणीस चीनला गेले ते आपल्याला शाळेपासून पाठ. पण सुया इकडे कोटणिसांनी आणल्या नाहीत, ते तर १९४२ मध्येच तिकडे वारले. १९३८ च्या त्याच वैद्यकीय पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे १९५९ च्या सुमारास ही विद्या भारतात आणली, असं बाईंनी सांगितलं. माझं लक्ष सुयांवर होतं.

माझ्यासमोर बंद पाकीट फोडलं. सुई पाव मिलिमीटर जाडीची, आपल्या शिवणाच्या सुईपुढे केसासारखी. आधी विचारलं : रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, गरोदर नाही ना. अंगठा आणि बोटाच्या बेचक्यातली जागा गरोदरपणात टोचत नाहीत. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन दोऱ्यांच्या मधोमध एक सुई. बेचक्यात एक. कोपराच्या घडीच्या टोकाला एक. आत गेल्यावर टोचल्यासारखं नाही, आतून कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं जड दुखतं. तेच यायला हवं असतं म्हणे.

इथपर्यंत छान. चौथी सुई लावताना मला घाम फुटला, कानात भुंगे वाजायला लागले, आणि नंतरचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा पाय उशीवर आणि सगळ्या सुया काढलेल्या. बाईंनी विचारलं, "ताई, सकाळी काय खाल्लं होतं?" आज कार्तिकी एकादशी. मी चहासुद्धा न घेता पहाटेची एसटी धरली होती. बाईंनी मला रागं भरलं, शेंगदाण्याचा लाडू दिला आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत.

उपाशी पोटी सुया टोचून घेऊ नका. एवढी एक ओळ मला कुणी आधी सांगितली असती तर!

१५ नोव्हेंबर

पोटभर भाकरी खाऊन गेले. या वेळी मनगटाच्या घडीवरच्या जागी सुई लागताच मधल्या बोटाच्या टोकापर्यंत झणकन वीज गेली. बाईंनी तत्क्षणी सुई मागे घेतली. नस अगदी तिथंच वर असते. पुढच्या वेळेपासून त्या घडीच्या जागेला हातच लावला नाही. असं वीज गेल्यासारखं झालं तर गप्प बसू नका, लगेच बोला. "सहन करा, गुण येतोय" असं कुणी म्हणालं तर सुया काढायला सांगा आणि उठा.

अर्धा तास सुया. परतीच्या एसटीत हात हलका. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे म्हणून जाऊन-येऊन पन्नासाच्या आत भागतं, नाहीतर दर खेपेला हिशोब करावा लागला असता. त्या रात्री दोनदाच उठले. मी लगेच जाऊबाईंना फोन करून सांगितलं की बरी झाले. दुसऱ्या रात्री चारदा उठले.

२० नोव्हेंबर

मतदान. रजिस्टरात सही करताना पेन निसटलं. मागचा माणूस म्हणाला, "काकी, शिकलाय न्हवं?" बारावी झालेय. सही करायला बोटांना पेन जाणवावं तरी लागतं.

२१ नोव्हेंबर, भाजलं

आत्यांचा (सासूबाई) उपाय : निर्गुंडीचा पाला उकळून त्याचा शेक. उपाय वाईट नाही. ओढ्याकाठी पाला फुकट मिळतो, शेकानं कोपरापर्यंतचा ताठरपणा सैल होतो. पण मी फडकं पिळून बधिर बोटांवर गुंडाळलं आणि मालिका बघत बसले. काढलं तेव्हा पहिल्या बोटावर आणि अंगठ्यावर फोड. मला चटका कळलाच नव्हता. बधिर हाताला गरम कळत नाही, ही गोष्ट कुणाला आधी सुचत नाही. तेव्हापासून शेकाचं फडकं आधी डाव्या हातावर, मग उजव्यावर. आणि बोटांवर नाही, मनगटाच्या वर. गरम पाण्याच्या पिशवीलाही हेच लागू.

फोड बरे होईपर्यंत बेचक्यातली सुई बंद. एका खेपेचा निम्मा उपयोग गेला.

त्याच आठवड्यात सांगलीत चुंबकाचा पट्टा घेतला, ६५० रुपये. त्यानं काही झालं नाही. आता तो फ्रिजला चिकटवून वर दुधाचं बिल लावते.

२४ नोव्हेंबर, स्प्लिंटची सळी

स्प्लिंट ८ तारखेलाच आणलं होतं, ४८० रुपये. घालून झोपायचे, सकाळी बोटं टम्म. मग वैतागून काढून ठेवलं होतं. आज भाची आली. तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. एकतर मी पट्ट्या इतक्या आवळत होते की त्यांनीच नस दाबत होते. पट्टीखाली एक बोट सहज शिरलं पाहिजे. दुसरं म्हणजे, आत जी धातूची सळी असते ती दुकानातून येते तेव्हा वर वाकवलेली असते. मनगट मागे झुकतं. बोगद्यात सगळ्यात जास्त जागा मनगट सरळ असताना असते. पुढे दुमडलं तरी चेपतं, मागे झुकलं तरी चेपतं. तिनं सळी कप्प्यातून ओढून काढली, पाट्यावर ठेवून वरवंट्यानं दोन ठोके घालून सपाट केली, परत सरकवली. दोन मिनिटांचं काम. यासाठी माझे सोळा दिवस गेले.

आज रात्री एकदाच उठले. सुईचा दिवस परवा होता, शेक नाही, तेल नाही.

सूर्यनमस्कारही तिनं बंद करायला लावले. मी सकाळी बारा घालत होते, अंग मोकळं व्हावं म्हणून. त्यात सगळ्या अंगाचा भार मागे झुकलेल्या मनगटांवर येतो, हे कधी डोक्यातच आलं नाही. त्याऐवजी नसेचा व्यायाम शिकवला : मूठ, मग बोटं सरळ, मग मनगट मागे, मग अंगठा बाहेर, मग तळवा वर, आणि शेवटी दुसऱ्या हातानं अंगठा अलगद मागे. पाच वेळा, दिवसातून तीनदा.

२८ नोव्हेंबर

पाचाचे पन्नास केले. लवकर बरं व्हायचं होतं. दोन दिवस हात धरून बसले. भाची फोनवर एवढंच म्हणाली, "मावशी, ती विरळणी नाही, जास्त केली म्हणून जास्त उरकत नाही." (विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं उडवणं.)

३० नोव्हेंबर

आज बसून विचार केला. सुया, स्प्लिंट, निर्गुंडी, महानारायण तेल, व्यायाम, वर आत्यांनी चालू केलेलं हळदीचं दूध. सगळं एकदम. रात्री चारदा उठायचे ती आता दीड-दोनदा उठते. पण कशामुळे, हे मला सांगता येत नाही. मी बागेत असं कधी करत नाही. खत बदललं तर एका ओळीला, औषध बदललं तर एका ओळीला, बाकी तशीच ठेवून बघते. हातावर मात्र सगळं एकदम मारलं.

आजपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी आकडा : रात्री किती वेळा उठले. आणि बदल एका वेळी एकच.

४ डिसेंबर, म्हैस

धार काढणं बंद केलं. मूठ आवळून धार काढणं म्हणजे दिवसातून दोनदा तोच बोगदा चेपणं. ह्यांनी धार काढायची ठरलं. थोरली म्हैस ह्यांच्या हाताला पान्हाच सोडेना. मी समोर उभी राहिले, पाठीवर हात फिरवला, आंबोण पुढ्यात ठेवलं. ती मान वळवून माझ्याकडे बघायची आणि लाथ ह्यांना मारायची. तीन दिवस रोज चार लिटर दूध कमी, म्हणजे सहाशेच्या आसपास गेले. चौथ्या दिवशी ह्यांनी माझा जुना शर्ट, बागेत घालते तो, अंगात घातला आणि बसले. सोडला पान्हा! तो शर्ट अजून गोठ्यातल्या खुंटीला आहे.

भाकरीही थापणं बंद. तळहाताच्या बुडानं थापण्याचा दणका सरळ मनगटात जातो. प्लॅस्टिकच्या कागदाखाली ठेवून लाटायला लागले. आत्या पहिल्या दिवशी ताटाकडे बघून म्हणाल्या, "ही भाकरी न्हाई, हा कागद हाय." पण खाल्ली.

९ डिसेंबर, विरळणी

विरळणीची भीती होती तशीच निघाली. मांडवाखाली हात डोक्यावर, मनगट मागे वाकलेलं, छोटी टोकदार कात्री, आणि एकेका घडातले मणी मोजून उडवायचे. पहिल्या दिवशी रात्री तीनदा उठले. कॅलेंडरवर ३.

दुसऱ्या दिवशी नुसती उभी राहून बाकीच्या बायकांचे हात बघितले. उंच बायकांची मनगटं सरळ होती. मी पाच फूट. माल भरायचं प्लॅस्टिकचं क्रेट उलटं घातलं आणि त्यावर उभी राहिले. घड छातीसमोर आला, मनगट सरळ झालं. ओळीत क्रेट सरकवत जायला वेळ लागतो, दिवसाला वीस-पंचवीस वेलींचा फरक पडतो. कात्रीच्या कड्यांना सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळला, अंगठ्याच्या बुडाला टोचायचं ते थांबलं. आणि कात्री रोज सकाळी दगडावर. बोथट कात्रीला दुप्पट मूठ लागते. इतकी वर्षं हंगामात एकदाच धार लावत होतो.

१४ डिसेंबर

क्रेटचा आठवडा. १, २, १, १, १. उपचारांत बाकी काही बदललेलं नाही, सुई आठवड्याला एक, स्प्लिंट रोज. सहा दिवस माझ्या जागी अर्ध्या दिवसाची नव्हे, पूर्ण दिवसाची बाई लावली, ३५० प्रमाणे २,१०० गेले. दुपारनंतर मी डबे भरणं आणि हिशोब एवढंच.

११ जानेवारी २०२५, सुयांचा बाराचा कोटा संपला

पहिल्या फुकट खेपेसकट बारा. खर्चाची बेरीज : हाडवैद्य १५०, एक्स-रे ३५०, रक्त ५५०, एनसीव्ही १,८००, मिरजेची फी ५००, स्प्लिंट ४८०, सुया अकरा खेपा ४,४००, चुंबक ६५०, तेल २४०, एसटी ५५०. एकूण ९,६७०. दूध आणि मजुरी धरली तर १२,३७०. यातले हाडवैद्य, एक्स-रे आणि चुंबक मिळून १,१५० निव्वळ पाण्यात.

कॅलेंडरवर या आठवड्यात तीन शून्यं आहेत. आता सुया बंद करून बघायचं, बाकी सगळं तसंच.

१ फेब्रुवारी

तीन आठवडे सुया नाहीत. रात्रीचे आकडे वाढले नाहीत : ०, १, ०, ०, १ असेच. म्हणजे रात्रीची झोप सुयांनी दिलेली नव्हती. हे लिहिताना जरा वाईट वाटलं, अकरा वेळा चारशे दिलेत.

पण दुसऱ्या आठवड्यापासून दिवसा काम करताना कोपरापर्यंतचं ते जड दुखणं परत आलं. सुया चालू होत्या तेव्हा ते जवळजवळ गेलं होतं. भाचीनं सांगितलं की २०१८ मध्ये कॉक्रेननं (उपचारांचे अभ्यास तपासणारी संस्था) अशा सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात खऱ्या सुया आणि खोट्या सुया यांत फारसा फरक दिसला नाही, पुरावा कच्चा आहे. दुसरीकडे २०१७ च्या एका अभ्यासात मनगटाजवळ टोचलेल्यांच्या नसेचा वेग थोडा सुधारलेला आढळला, खोट्या सुयांवाल्यांचा नाही. दोन्ही ऐकून माझं मत असं : तिथे अर्धा तास हात सरळ ठेवून पडायचं, हलायचं नाही, कुणी हाक मारत नाही, कुकरची शिट्टी नाही. घरी मला असा अर्धा तास गेल्या वीस वर्षांत मिळालेला नाही. त्यातला किती गुण सुईचा आणि किती त्या अर्ध्या तासाचा, मला वेगळा काढता येत नाही. घरी अर्धा तास हात उशीवर ठेवून पडून बघितलं. नवव्या मिनिटाला गॅसवाला आला.

महिन्याला एक खेप चालू ठेवायची ठरवलं. (नंतरची भर : ७ तारखेला गेले तर एसटीचं भाडं वाढलेलं, २५ जानेवारीपासून.)

१८ फेब्रुवारी

माहेरी लग्न, चार रात्री. स्प्लिंट घरी विसरलं. सुया नुकत्याच झालेल्या, कामही काही नाही, नुसतं बसून अक्षता. आकडे : ०, २, ३, ३. घरी आल्यावर स्प्लिंट घातलं, तीन रात्रींत परत शून्यावर. ठरवून प्रयोग केला असता तरी इतका स्वच्छ झाला नसता.

१० मार्च

काढणी झाली, माल शेडमध्ये जाळीवर. या काळात वहीला हात लावला नाही. काढणीच्या कात्रीचा त्रास झाला नाही, काढणीला टोळी होती. क्रेट उचलताना मात्र दोन्ही हातांच्या बोटांनी कड धरून उचलू नका, कवेत घ्या.

२२ मार्च

बेदाण्याची निवड. हिरवा वेगळा, काळपट वेगळा, देठ काढायचे. नोव्हेंबरात मला बोटांना देठ जाणवत नव्हता, डोळ्यांनी शोधावा लागायचा. आज लाईट गेली आणि मी तशीच अंधारात निवडत राहिले. पाच-सहा मिनिटांनी शेजारची म्हणाली, "काकी, तुमास्नी दिसतंय व्हय?" दिसत नव्हतं. लाईट आल्यावर माझा ढीग बघितला, त्यात दोन देठ राहिले होते.

२ एप्रिल

दुसरी एनसीव्ही, त्याच ठिकाणी, हात आधी गरम करून. ४.६. बऱ्याच्या ४.४ पेक्षा अजून जास्तच आहे, पण ४.९ नाही. डॉक्टरांनी अंगठ्याखालची गादी पुन्हा दाबून बघितली, तशीच भरलेली आहे. "ऑपरेशन आत्ता नको, टळलंय असंही समजू नका." १,८०० आणि ५००.

त्यांनी डावा हातही तपासला. मला डाव्याची काही तक्रार नव्हती, निदान मी ती केली नव्हती. गेले दोन महिने भांडी, बादल्या, विळी, सगळं डाव्यावर टाकलं होतं. डाव्याचा आकडा ४.५.

९ एप्रिल

खरड छाटणी सुरू. यंदा छाटणीची मोठी कात्री मी धरत नाही, हे आणि दोघं गडी. मी काड्या गोळा करते, डाव्या हातानं धरून नाही, दोन्ही हातांच्या कवेत. शेजाऱ्याकडून बॅटरीवरची कात्री दोन दिवस मागून आणली. बोटानं नुसतं दाबलं की काडी तुटते, मूठ लागत नाही. पण ती वजनदार आहे आणि माझा खांदा दुखला. घ्यायची की नाही ते बेदाण्याचा भाव बघून.

काल रात्री पहिल्यांदा डाव्या हातानं उठवलं. कॅलेंडरवर निळ्या पेनानं १ लिहिला, उजव्याचे आकडे काळ्यात आहेत. उद्या तासगावातून डाव्या हाताचं स्प्लिंट आणायचं आणि घालायच्या आधी सळी काढून वरवंट्यानं सपाट करायची.